बाटलीच्या आधीचा आवाज

हसूमामा,

काल तुझं बारावं झालं, तसं मचव्याचं पण सुतक फिटलं. बारा दिवस तो पावणे गावच्या बंदराला नुसता बांधून होता. सुकतीला चिखलात बसायचा, भरतीला उठायचा, परत बसायचा. म्हाताऱ्या बैलासारखा. उद्या सकाळच्या भरतीला पयली खेप, पल्याड ट्रॉम्बेला. इंजिन मी चालू करणार. दुसरं आहे कोण?

जुनं आईल मी आज सकाळीच काढलं. काळंकुट्ट. नवीन आईलचा डबा आणून ठेवलाय. आणि मामीनं खिडकीत ती पैलवानाच्या चित्राची बाटली ठेवली आहे, अर्धी उरलेली. नवीन आईल भरलं की त्यात वरनं चार झाकणं त्या बाटलीतलं औषध घालायचं, ही तुझी पद्धत. मामी बोलली, "घाल ती. तुज्या मामानं कदी चुकवली नाय." मी म्हटलं घालतो. मग बाटली हातात घेतली आणि तसाच बसून राहिलो.

घालू का नको, मामा?

ह्या सवालावर आपण चार वर्षं भांडलो. तू म्हणायचास, इंजिन त्या बाटलीवर चालतंय. मी म्हणायचो, बाटलीत नुसतं रंगवलेलं आईल आहे, इंजिन तुझ्यावर चालतंय. आता तू गेलास, बाटली राहिली. म्हणजे उद्या लगेच कळायला पाहिजे की कोण खरं. पण तसं पण कळणार नाय. का कळणार नाय ते चार वर्षं फक्त मला माहीत होतं, आणि तेच तुला सांगायचं राहिलं. लिहून सांगतो, कारण तोंडानं सांगायला गेलो की मी मधेच कोणाची तरी नक्कल करायला लागतो.

मी मचव्यावर कसा आलो ते आठवतंय? पनवेलच्या शाळेत मॅट्रिकला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं उठवला. शाळेत मी पयला होतो फक्त मास्तरांच्या आवाजात. हेडमास्तरांचा खोकला असा काढायचो की बाहेरच्या वऱ्हांड्यातली पोरं गप उभी राहायची. घरी आलो तर बा म्हणाला, "नकल्या, आता पोटाला काय, टाल्या खानार?" तू सख्खा मामा पण नव्हेस. आईच्या गावचा, म्हणून मामा. नाव हसुराम आणि तोंड कायम सुकतीच्या खाडीसारखं. पण तूच बाला म्हणालास, "दे त्याला माज्याकरं. इंजिनाला हात काले कराला मना दुसरा मानूस पायजेच हाय."

पयल्या दिवशी तुझी ती काठी बघितली आणि मला हसू आवरेना. तुझा उजवा कान कामातून गेलेला, डावा अर्धामुर्धा. म्हणून तू तुटक्या वल्ह्याचा हातभर तुकडा घ्यायचास, एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचास आणि दुसरं दातात धरायचास, म्हणजे आवाज दातांतनं आत जायचा. डोळे मिटून. जसा कोणी माणूस इंजिनावर बिडी पेटवतोय. मी लगेच तुझी नक्कल केली, टोपलीवाल्या बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. सोनीबाय तर म्हणाली, "हसू, पोरगा इंजिनापेक्षा बरा वाजतो रं!"

तू सगळ्यांचं हसून होऊ दिलंस. मग काठी तोंडातनं काढून म्हणालास, "आता इंजिनाची काढ."

मला वाटलं चिडलास. पण तू खरंच थांबला होतास. म्हणून मी काढली. धड्-धड्, धड्-धड्. तू डोळे मिटून ऐकलंस. "पुना." परत काढली. मग तू म्हणालास, "दुसरा ठोका हलका काढलास. इंजिनात पन तो हलकाच हाय. बराबर."

मामा, त्या दिवसापर्यंत माझ्या नकलेला लोक हसायचे नायतर मारायचे. बरोबर कोणी म्हटलं नव्हतं.

आता मोरीच्या तेलाची गोष्ट. तू वर गेलास तरी तिथं पण कोणी ना कोणी तुला ती ऐकवत असेल, म्हणून माझ्याकडून एकदा नीट ऐक. आपल्याकडं दर वर्षी मचवा किनाऱ्यावर ओढायचा आणि त्याच्या लाकडाला मोरी माशाच्या काळजाचं तेल पाजायचं. बापजाद्यांपासून. लाकूड तेल पितं, म्हणून खारं पाणी पीत नाय. ते तेल लावता लावता तू बोललास, "लाकूर पितो म्हनून एवरी वरसा जगतो. मंग लोखंड का नाय पिनार?"

मी तुला अडवायला पाहिजे होतं. शाळेत गेलेला मीच होतो. पण मी काय म्हणालो? "घाल मामा, सोबत दोन कोकमं पण टाक." आणि तू खरंच पावशेर मोरीचं तेल इंजिनाच्या आईलमध्ये ओतलंस. कोकमं तेवढी नाय टाकलीस.

गंमत अशी की पयले आठ दिवस इंजिन खरंच मऊ चाललं. तू माझ्याकडं बघायचास आणि भुवई उडवायचास. नवव्या दिवशी बरोबर खाडीच्या मध्यात, सुकती लागलेली, आणि इंजिन एकदा खोकलं आणि बसलं. पाणी उतरलं, मचवा चिखलात. सहा तास. वरनं ऊन, खालनं चिखल, आणि इंजिनातनं तळलेल्या मोरीचा असा घमघमाट की टोपल्यांतली मासळी लाजली. खेपेला बसलेला तो ठाण्याचा कारकून धुतलेल्या विजारीसकट चिखलात उतरला आणि मांडीपर्यंत गेला, त्याला दोघांनी उपटून काढला. सोनीबाय बोलली, "तेल तं पाजलास हसू, आता हलद-मीठ पन लाव, मंजे आमी जेवून घेतो!"

पल्याडच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. आतलं आईल खळीसारखं झालेलं, रिंगा चिकटलेल्या. तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत म्हणाला, "हसूभाई, ये इंजन हय के कढाई?" आणि मग तुला समजावून सांगितलं, "आईल टाइम पे बदलने का, बस. उपर से कुछ नय डालने का. जो डालना हय वो आईल बनानेवाला डालके भेजता हय."

त्यानंतर वर्षभर तू नाक्यावरच्या हाटेलात चहाला गेला नाहीस. सगळे तुला कढईवाला म्हणायचे. आणि ते सगळ्यात जास्त कोण हसवायचं? मी. मिस्त्रीचा आवाज, सोनीबायचा आवाज, कारकून चिखलातनं निघतानाचा तो पच्च् आवाज. पूर्ण खेळ बसवला होता मी. खैरण्याला एका लग्नात दोनदा करून दाखवला. तुला कोणी सांगितलं का नाय ते माहीत नाय. सांगितलं असेल तर तू मला कधी दाखवलं नाहीस.

पुढल्या वर्षी तो एजंट आला. बुटावर चिखल लागू नये म्हणून फळीवरनं बगळ्यासारखा चालत आला. हातात बाटल्या, बाटलीवर मिशीवाला पैलवान. दोन बोटांत थेंब घेऊन चोळायचा आणि बोटं उघडमीट करून तार दाखवायचा. "देखो काका, ये आईल नय, आईल का टानिक हय टानिक!" मी त्याच्या मागं उभा राहून त्याची मान हलवणं शिकत होतो. तू त्याला एकच विचारलंस.

"मंजे इंजिनाला पाजाचा?"

"हां हां, पिलानेका!"

तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. त्या नजरेतनं मला ऐकू आलं: बग, मंबईचे लोक पन पाजतात. वर्षभर खाली असलेली तुझी मान इंचभर वर आली. तू बाटली घेतलीस.

आणि मग ती परीक्षा झाली, तिथंच माझी चूक आहे.

नवीन आईल भरलं, चार झाकणं घातली, हँडल मारला, इंजिन चालू झालं. तू काठी दातात धरलीस, ऐकलंस, आणि म्हणालास, "फरक हाय काय? कालचा काढ बगू."

आवाज धरून ठेवायचं मशीन आपल्याकडं कुठं होतं? तुझ्याकडं मी होतो. कालचं इंजिन माझ्या गळ्यात होतं, बाकी कुठंच नाय. सोनीबाय बसली होती, तिच्या सोबतच्या दोघी होत्या, एजंट एका पायावर उभा होता, सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मामा, बघणारे एवढे असले की मला राहवत नाय. मी काढलं: धड्-धड्-खट्, धड्-धड्-खट्. खट् ला मान पण झटकली, फिट आल्यासारखी. बाया हसल्या.

तो खट् इंजिनात नव्हता. म्हणजे, नव्हता असं मला तेव्हा वाटत होतं. थोडा असेल नसेल. मी तो वाढवला, का अख्खा बनवला, ते आज मला सांगता येत नाय. हसवायला घातला एवढं खरं.

तू परत काठी दातात धरलीस. बराच वेळ. मग डोळे उघडलेस आणि म्हणालास, "खट् गेला."

एजंटनं टाळी वाजवली. तू हसलास, मामा. वर्षातनं दोनदा हसणारा माणूस, त्यातलं एक हसू त्या खट् वर खर्च केलंस. मी कसं सांगणार होतो तुला? दुसऱ्या दिवशी तू नाक्यावरच्या हाटेलात गेलास. वर्षानंतर. खुर्ची ओढून बसलास आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणालास, "काढ रं, बाटलीच्या आदीचा." मी काढला. "आता आताचा काढ." मी काढला. लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून कोणी तुला कढईवाला म्हटलं नाय.

मग तो खेळच झाला. एजंट नवीन गिऱ्हाईक घेऊन यायचा ते माझी नक्कल ऐकवायला. नावड्याच्या भातगिरणीचा मालक आला, रबाळ्याचा लहू तांडेल आला. प्रत्येक वेळी खट् थोडा मोठा व्हायचा. माझ्या तोंडात ते इंजिन आजारीच पडत गेलं, आणि बाटली मोठी डॉक्टर होत गेली.

आणि दुसरीकडं मी तुझ्याशी भांडत होतो की बाटली खोटी आहे! बघ म्हणजे. पुरावा मीच देणार आणि मीच म्हणणार हा पुरावा कसला. मला वाटायचं असं भांडून भांडून तू एक दिवस सोडशील बाटली, म्हणजे मला खरं सांगायला लागणार नाय.

पण तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय? बाटलीवर लिहिलं होतं, प्रत्येक वेळी नवीन आईल भरताना घाला. ते मीच तुला वाचून दाखवलं. त्याच्या आधी तू आईल कधी बदलायचास? डांबर झालं की. आता बाटली घालायची म्हणून तू महिन्याआड अष्टमीला आईल बदलायला लागलास. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, खेपा कमी, म्हणून तो दिवस धरलास. गाळणी धुवायचास, नट तपासायचास, इंजिन पुसून काढायचास. इंजिन सुधारणारच. मी म्हटलं, "मामा, हा गुण आईल बदलण्याचा आहे. मिस्त्री पण तेच बोललेला."

तू म्हणालास, "आईल बदलाला मना कोनी लावला?"

"बाटलीनं."

"मंग गुन कोनाचा?"

मी दोन दिवस ह्याच्यावर विचार करत होतो. अजून करतोय.

लहूनं बाटली घेतलीच नाय, त्याच्या इंजिनाची रिंग तुटली. तू म्हणालास बघ. मी म्हटलं, लहू शिमग्याला एकदा आईल बदलतो, बाटली काय करणार? मग नावड्याची गिरण, बाटली घालून पण धूर ओकायला लागली. मी म्हटलं आता बघ. तू शांतपणे बिडी झटकलीस. "त्यानं बाटली घातली, आईल नाय बदलला. आंबलेल्या भातावर तूप वाडला तं भात ताजा व्हतो काय?" पण मामा, त्या गिरणीवाल्यानं माझा खट् ऐकून ती बाटली घेतली होती. त्याची गिरण अख्ख्या भाताच्या हंगामात बंद होती. मी त्याला बाजारात लांबनं बघितलं की दुसऱ्या गल्लीत वळायचो.

आणि मग तू पडलास. छाती भरली, मचव्यावर यायचं बंद. तीन आठवडे मी एकटा मचवा चालवत होतो आणि दुपारची शेवटची खेप झाली की तुझ्या पायाशी येऊन बसायचो. मामी पेज आणून ठेवायची. तू पेजेकडं बघायचा पण नाहीस. "आजचा काढ."

मी काढायचो. धड्-धड्, धड्-धड्. एक दिवस मधेच फुस् असं काढलं. मला वाटलेलं ते पाण्याचं असेल, ऐकलं तसं काढलं. तू उशीवरनं मान उचललीस. "डिझेलच्या नलीचा नट ढिला हाय. सकाली पाना लाव." मी सकाळी जाऊन बघितलं तर नट बोटानं फिरत होता. तू अंथरुणात पडून माझ्या घशातनं पाना घातलास, मामा. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. एक फुस् जास्तीचा निघाला असता तर तू नसलेला नट शोधत बसला असतास. तिथनं पुढं मी माझं काय घातलं नाय. बंदरावरनं तुझ्या घरापर्यंत कोणाशी न बोलता यायचो, आवाज सांडू नये म्हणून. लोकांना वाटलं मी सुधारलो.

शेवटच्या दिवसांतली ती दुपार. मी आजचा काढून दाखवला. तू म्हणालास, "आता आदीचा काढ. बाटलीच्या आदीचा."

बरेच महिने तू तो मागितला नव्हतास. मी तोंड उघडलं आणि तेच आलं, पाठ झालेलं. धड्-धड्-खट्. मान मात्र नाय झटकली.

तू वर कौलांकडं बघत होतास. मग म्हणालास, "त्यो खट्... व्हता काय?"

मामी दारात तांदूळ पाखडत होती. कोणी आलं नाय, कोणी हाक मारली नाय. माझ्याकडं पायजे तेवढा वेळ होता. सांगून टाकलं असतं तर दोन वाक्यांचं काम. पण मी काय केलं? मी उभा राहिलो, बगळ्यासारखा एक पाय वर घेतला, दोन बोटं उघडमीट केली आणि म्हटलं, "देखो काका, टानिक हय टानिक!"

तू हसलास. खोकला आला तरी हसत राहिलास, हातानं मला जा जा केलंस. मामी पण हसली. आणि मी खूश होऊन घरी गेलो, की आज मामाला हसवलं.

ते शेवटचं निघालं.

आता बारा दिवस मी काय करतोय सांगू? बांधलेल्या मचव्यात बसून तुझं ते "व्हता काय" काढतोय. तुझा आवाज मला हुबेहूब येतो, घशातली घरघर पण येते. शंभर वेळा काढून बघितलं. तू मला विचारत होतास? का स्वतःला? का तुला चार वर्षं माहीत होतं आणि तू वाट बघत होतास मी कधी बोलतो? का नुसता ताप बोलत होता? आवाज बरोबर येतो मामा, पण तो कुठनं आला ते नक्कल करून कळत नाय. हे मला आधी माहीत नव्हतं.

आणि दुसरं. आज मी ठरवून बसलो, की बाटलीच्या आधीचा खरा आवाज आठवायचा. खट् नसलेला. नाय आठवला. एवढ्या वेळा खोटा काढला की खऱ्यावर गंज चढला. जगात तो आवाज कान देऊन दोघांनीच ऐकला होता. एक तू, आणि तुझा कान तसा. दुसरा मी, आणि माझं तोंड असं. मग बाटली चांगली का वाईट, कोणाला विचारू? मिस्त्री नाय म्हणतो, एजंट हो म्हणतो, तू हो म्हणायचास, इंजिन दोन्ही म्हणतं. मी चार वर्षं नाय म्हणत होतो आणि आज बाटली हातात आहे तर झाकण उघडायला पण हात जात नाय आणि फेकायला पण जात नाय.

दुपारी मामीला सगळं सांगितलं. खट् चं, हाटेलातलं, गिरणीवाल्याचं, सगळं. ती निवट्यांची मासळी साफ करत होती. विळीवरचा हात थांबला नाय. मला वाटलं रडेल नायतर विळी घेऊन उठेल.

ती म्हणाली, "मंग आता काय करतस?"

"माहीत नाय मामी. घातली आणि बिघडलं तर वाटणार फसवणूक चालूच ठेवली. नाय घातली आणि बिघडलं तर सगळे म्हणणार मामाची पद्धत मोडली."

"इंजिन काय पितो तो तुमचा तुमी बगा," मामी म्हणाली. "मचवा चालला तं माजी चूल पेटल. चिखलात बसला तं सोनीबाय मना बोलल, तुना नाय." मग हात धुतले, आत गेली आणि आढ्यात खोचलेली तुझी काठी काढून माझ्यासमोर ठेवली. "तुजा मामा सांगून गेला, ही दत्तूला दे. बाटलीचा काय बोलला नाय."

बाटलीचा काय बोलला नाहीस. काठीचं बोललास. ह्याचा पण अर्थ लावत बसलो असतो, पण मामी म्हणाली, "आता उठ, भरती सकाली लवकर हाय."

म्हणून मी असं ठरवलंय, मामा. बरोबर का चूक मला माहीत नाय. ह्या वेळी बाटली घालत नाय. फेकत पण नाय, खिडकीतच राहू दे. पुढली आईल बदलायची अष्टमी येईपर्यंत नुसतं आईल. रोज ऐकीन. खट् आला तर आला, लगेच पल्याडच्या मिस्त्रीला दाखवीन, मामीची चूल विझू देणार नाय. मग त्या अष्टमीला चार झाकणं घालीन आणि परत रोज ऐकीन. तेव्हा कळेल तर कळेल. जे चार वर्षांपूर्वी पयल्या दिवशी करायचं होतं ते. नावड्याला गिरणीवाल्याकडं पण एकदा जाऊन येईन. काय बोलायचं ते वाटेत ठरवीन.

आत्ता तुझी काठी एकदा दातात धरून बघितली. तुझ्या दातांच्या खाचा खोल पडल्यात. माझे दात त्यात बसत नाहीत, तुझे पुढचे दोन फाकलेले होते ना. लाळ गळते, जबडा दुखतो. उद्या बाया बसल्या की सोनीबाय ओरडणारच, "ए नकल्या, मामाची काढ रं!" बाकीच्या पण ओरडतील. बारा दिवस कोणी हसलेलं नाय.

पण काठी दातात असली की नक्कल काढता येत नाय, मामा. मी करून बघितलं. तोंडातनं नुसता वारा येतो. फक्त ऐकताच येतं.